डाव्या हाताची सही

"तारीख सांगा," संरक्षण अधिकारी मॅडम म्हणाल्या, आणि मला एकही तारीख सांगता येईना.

2023 चा जानेवारी होता. तालुक्याच्या गावातली अरुंद खोली, दोन लोखंडी कपाटं, खिडकीशी फायलींचा ढीग आणि टेबलावर कौटुंबिक घटना अहवालाचा, म्हणजे घरातल्या छळाच्या तक्रारीचा, कोरा फॉर्म. बारा वर्षं मार खाल्ला होता. आठवत सगळं होतं. ज्वारीची काढणी चालली होती तेव्हा. धाकटा पोटात होता तेव्हा. दिराच्या हळदीच्या आदल्या रात्री. मॅडम ऐकून घेत होत्या, पण फॉर्मच्या रकान्यात तारीख, वेळ आणि ठिकाण लिहायचं होतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझं निम्मं काम नोंदींचं. कुणाच्या बाळाचं वजन कधी घटलं, कोण कितव्या महिन्यात आहे, कुणाचा कुठला डोस राहिलाय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आपल्या अंगावरचं मात्र आपण कुठंच लिहून ठेवलं नाही, असं त्या दिवशी वाटलं आणि मान वर करवेना. लिहून ठेवलं होतं, पण ते नंतर सापडलं.

लग्न 2010 सालचं. पहिल्यांदा हात उचलला तो चौथ्या महिन्यात. भावाशी फोनवर फार वेळ बोलले म्हणून. पुढच्या सणाला माहेरी गेल्यावर आईला सांगितलं. ती माझ्या केसांना तेल लावत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. "पुरुषाचा राग असतोय बाई. आपण जिभेला आवर घालावा." आईवर माझा राग नाही. तिला तिच्या आईनं हेच दिलं होतं. पण त्यानंतर दहा वर्षं मी कुणालाच काही सांगितलं नाही.

2016 साली सेविका म्हणून निवड झाली. घरात पेढे वाटले. मानधन बँकेत जमा व्हायला लागलं आणि पहिल्याच महिन्यात एटीएम कार्ड ह्यांच्या खिशात गेलं. पोरीला कंपासपेटी हवी असली तरी मला मागावं लागायचं, आणि कशाला हवी ते सांगावं लागायचं. याला मी छळ समजत नव्हते. घरोघरी असंच चालतं असं धरून चालले होते.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट चटकन कळत नाही, म्हणून इथंच सांगते. "एवढं होतं तर घर सोडून माहेरी का नाही गेलीस?" हे मला शंभर जणांनी विचारलं असेल. सेविका त्याच गावची रहिवासी असावी लागते, तशी अटच आहे. मी सासरचं गाव सोडलं की अंगणवाडी गेली. अंगणवाडी गेली की माझ्या नावावर येणारा एकुलता एक पैसा गेला, तो हातात पडत नसला तरी. त्यामुळं मला त्याच गावात, जमलं तर त्याच घरात, मार न खाता राहायचं होतं. असं मागता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता नागपंचमीचं. आमच्याकडं पंचमीला भाऊ बहिणीला न्यायला येतो. त्या दिवशी विळीवर काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, रान खणायचं नाही. उकडलेली दिंडं खायची. माझा भाऊ सकाळीच मोटारसायकल घेऊन आला. हे म्हणाले, जायचं नाही. मी म्हटलं, सांजच्याला परत येते. दादा बाहेर ओट्यावर चहा पीत होता, म्हणून ह्यांनी आवाज चढवला नाही. स्वयंपाकघरात आले, माझा उजवा हात मनगटाशी धरला आणि पिरगाळला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मी ओरडले नाही, कारण बाहेर दादा होता. पदराखाली हात धरून ओट्यावर गेले आणि त्याला सांगितलं की पाहुणे यायचेत, आज जमत नाही. त्यानं आईनं दिलेला दिंडांचा डबा माझ्यापुढं धरला. मी डाव्या हातानं घेतला. त्याच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दवाखान्यात घेऊन गेल्या. मी त्यांना आत्या म्हणते. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? आत्या म्हणाल्या, "न्हाणीत घसरली." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. केसपेपरवर लिहिलं, घसरून पडल्यामुळे इजा. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. ते एक वाक्य पुढं काही वर्षांनी माझ्या आडवं आलं.

2021 च्या दिवाळीनंतर एकदा मी दादाला सगळं सांगितलं. तो चिडून आला, आणि भावकी बसली, मारुतीच्या देवळापुढं. तंटामुक्त समितीचे अध्यक्ष होते, चुलत सासरे होते, गावातली चार जाणती माणसं होती. पुरुष पारावर, मी खांबापाशी उभी. एक जण म्हणाले, "उद्या पोरीचं लग्न करायचंय, कोण सोयरीक करील?" पोरगी तेव्हा नऊ वर्षांची होती. दुसरे म्हणाले, "नांदत्या घरात भांड्याला भांडं लागतंच." शेवटी शंभराच्या बॉन्डवर लिहून घेतलं. ह्यांनी लिहून दिलं की यापुढे बायकोला मारहाण करणार नाही. मी लिहून दिलं की यापुढे माहेरच्यांना मधे आणणार नाही आणि कुठे तक्रार करणार नाही. पोहे झाले, चहा झाला. दोन महिन्यांच्या आत कानशिलात बसली.

डिसेंबर 2022 मधे एका रात्री साडेदहाला मला आणि पोरांना बाहेर काढून दार लावलं. कारण असं की मी बँकेत जाऊन नवं एटीएम कार्ड मिळण्यासाठी अर्ज केला होता. थंडी होती. पोरीच्या पाठीवर दप्तर होतं. मला वाटलं घाईत उचललं असेल. नंतर ती म्हणाली, "मी रोज उशाला घेऊनच झोपते आई. काढून दिलं तर शाळा बुडू नये." दहा वर्षांच्या लेकरानं आपली तयारी करून ठेवली होती आणि मी अजून भांड्याला भांडं लागतंच म्हणत बसले होते.

अंगणवाडीची किल्ली माझ्या कमरेला होती. पोरांच्या सतरंज्या अंथरल्या, उरलेल्या अंगावर घेतल्या. धाकटा झोपला. मी भिंतीला टेकून बसले आणि समोर, अक्षरांच्या तक्त्याशेजारी, मीच दीड वर्षापूर्वी खळ लावून चिकटवलेला कागद होता. महिला हेल्पलाईन 181. मुलांसाठी 1098. पोलीस 112. बैठकीत मी बायकांना ते नंबर वाचूनही दाखवले होते. रात्री साडेबाराला 181 लावला. पलीकडची बाई शांतपणे बोलली. आधी विचारलं, आता सुरक्षित आहात का, पोरं जवळ आहेत का. मग सांगितलं की सकाळी पोलीस ठाण्यात जा, आणि तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात त्यांना भेटा.

पोलीस ठाण्यात अडीच तास बाकावर बसले. "नवरा-बायकोचं आहे ताई, घरी जाऊन शांत डोक्यानं विचार करा." मी बसूनच राहिले. मग एका महिला पोलिसानं येऊन लिहून घेतलं आणि अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी, नोंदवून हातात प्रत दिली. एनसीवर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. तरी तो माझ्या हातातला पहिला कागद होता. मी तो पोषण आहाराच्या रिकाम्या पाकिटात घालून ठेवला, भिजू नये म्हणून.

तिथं एकानं सुचवलं की 498अ लावा, नवरा आत जाईल. नवऱ्याच्या क्रूरतेबद्दलचा तो कायदा खरा आहे, जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 85 व्या कलमात आहे, आणि ज्या बाईला तो हवा तिनं तो जरूर वापरावा. मला नवरा तुरुंगात नको होता. मार थांबायला हवा होता, डोक्यावर छप्पर हवं होतं, माझं मानधन माझ्या हातात हवं होतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा नेमका त्यासाठी आहे. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीपासून.

मॅडमनी फॉर्म माझ्यासमोर सरकवला. त्यात छळाचे चार भाग पाडलेले आहेत. शारीरिक. लैंगिक. शाब्दिक आणि भावनिक. आर्थिक. मी आर्थिकच्या खाली वाचत गेले. पगार किंवा मजुरी काढून घेणे. घराबाहेर काढणे. स्त्रीधन न विचारता विकणे किंवा गहाण टाकणे. माझी बोरमाळ सोसायटीच्या कर्जापायी गहाण पडून गेली होती. सरकारच्या कागदावर माझं घर छापलेलं होतं. आपल्यावर जे होतंय ते मोजणारी माणसं आधीच कुठंतरी होती, त्यांनी त्याला नावं दिली होती. मला रडू आलं ते तिथं. मारहाणीचं सांगताना आलं नव्हतं.

लैंगिकचा रकाना मी पहिल्या दिवशी कोरा ठेवला. मॅडमनी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाल्या, "नंतर आठवलं तरी भरता येतं." दुसऱ्या खेपेला मी पोरीला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि त्या रकान्यात खूण केली. काय ते इथं लिहीत नाही. आपल्या फौजदारी कायद्यात नवऱ्यानं सज्ञान बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कार धरत नाहीत. पण या कायद्यात तो रकाना आहे, आणि तिथं खूण करता येते. हे माझ्या गावातल्या एकाही बाईला माहीत नव्हतं. सेविका असून मलाही नव्हतं.

तारखा सापडल्या त्या अशा. मॅडम म्हणाल्या, घरी जाऊन सणावारांच्या अंगानं आठवा. मी अंगणवाडीत बसले आणि जुनी रजिस्टरं काढली. हजेरीपट, आहाराची नोंदवही, भेटवही. पानं उलटता उलटता ऑगस्ट 2019 आला आणि माझं अक्षर बदललं. 7 ऑगस्टपासून पुढं सगळं वाकडंतिकडं, पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखं. डाव्या हातानं भरलेलं. रोजची सही डाव्या हाताची, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. पर्यवेक्षिकाताई त्या महिन्यात भेटीला आल्या होत्या, त्यांचा शेरा होता, "सेविकेच्या उजव्या हातास प्लॅस्टर, तरी नोंदी पूर्ण." पंचमीच्या दिवशी टीव्हीवर दिवसभर काश्मीरचं 370 कलम चाललं होतं. रात्री हे बातम्या बघत जेवत होते आणि मी डाव्या हातानं वाढत होते. म्हणजे 5 ऑगस्ट 2019, सोमवार.

मग एकेक सापडत गेलं. मी न सांगता रजा टाकलेले दिवस. मदतनीस ताईंनी एकटीनं अंगणवाडी उघडलेले दिवस. एके ठिकाणी फक्त "ताप" लिहिलेलं. तो ताप नव्हता. सात वर्षांतल्या एकोणीस तारखा निघाल्या. मी त्या पाठकोऱ्या कागदावर उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मसोबत दिल्या. रजिस्टर सरकारी, ते बाहेर नेता येत नाही. पुढं वकिलांच्या पत्रावरून कार्यालयानं प्रमाणित प्रती दिल्या.

वकील विधी सेवा समितीकडून मिळाल्या. न्यायालयाच्या आवारातच त्यांचं टेबल असतं. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दाखला लागत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून मी एक वर्ष थांबले होते. बॉन्डचा कागद मी लाजत लाजत काढला. वाटलं, तक्रार करणार नाही असं मी स्वतः लिहून दिलंय, आता हेच माझ्यावर उलटणार. वकीलताईंनी तो वाचला आणि ह्यांच्या वाक्यातल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "यापुढे. यापुढे मारहाण करणार नाही. म्हणजे याआधी केली, आणि खाली चार साक्षीदारांच्या सह्या आहेत. आणि तुम्ही तक्रार करणार नाही हे कुणी कितीही लिहून घेतलं तरी त्याला अर्थ नाही."

कायदा म्हणतो की अर्जावर पहिली तारीख तीन दिवसांत पडावी आणि साठ दिवसांत निकाल लागावा असा प्रयत्न व्हावा. मला अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मिळायला सात महिने लागले. कधी नोटीस बजावली गेली नाही, कधी त्यांचे वकील नव्हते, कधी न्यायाधीश रजेवर. एकदा चाळीस किलोमीटर एसटीनं जाऊन फक्त पुढची तारीख घेऊन आले. त्या महिन्यांत मी पोरांना घेऊन गावातच एका म्हाताऱ्या विधवा बाईच्या पडवीत राहिले. तिनं भाडं घेतलं नाही. तिचं नाव लिहीत नाही, तिला गावात राहायचंय.

मधेच ह्यांच्या वकिलाची नोटीस आली: नांदायला या. हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम. मी घाबरले, वाटलं आता पोलीस धरून नेऊन घरात सोडतील. वकीलताईंनी मला डॉक्टर रखमाबाईंची गोष्ट सांगितली. 1887 साली मुंबईच्या न्यायालयानं त्यांना फर्मावलं होतं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. आता तसा तुरुंग राहिलेला नाही, आणि मारामुळं घर सोडलेल्या बाईकडं उत्तर असतं. तरी त्या रात्री मला रखमाबाईंचा फार आधार वाटला. एवढ्या जुन्या काळात, एवढ्याशा वयाची मुलगी.

गावानं काय केलं ते थोडक्यात. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. तीन घरांनी पोरं अंगणवाडीत पाठवायची बंद केली. "नवऱ्याला कोर्टात ओढणारी बाई पोरांना काय वळण लावणार," असा अर्ज सह्या करून ग्रामपंचायतीत दिला. सह्यांमधे माझ्या दोन मैत्रिणींच्या सह्या होत्या. त्यातल्या एकीच्या गळ्यावरचे वळ मी पाहिलेले आहेत. अर्ज पुढं सरकला नाही, कारण माझ्या कामात खोट नव्हती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चार बायकांमागे एकीनं नवऱ्याचा हिंसाचार सोसल्याचं सांगितलं आहे. माझ्या यादीत चाळीस आया आहेत. वजनकाट्यापाशी बाळ घेऊन उभ्या राहिल्या की मी आता त्यांच्या मनगटांकडं बघते.

ऑगस्ट 2023 मधे अंतरिम आदेश झाला. मारहाण करू नये, अंगणवाडीत येऊन त्रास देऊ नये, पोरांसाठी महिना चार हजार द्यावेत, आणि घरातली मागची खोली व न्हाणी अर्जदाराला वापरायला द्यावी. त्यांच्या वकिलानं सांगितलं होतं की घर सासऱ्यांच्या नावावर आहे, सुनेचा त्यावर हक्क काय? सुप्रीम कोर्टानं 2020 मधेच सांगून ठेवलंय की सामायिक राहतं घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सुनेला तिथं राहण्याचा हक्क मागता येतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही त्यात होतं. ह्यांना ते वाक्य कळलं. तेव्हापासून हात उचललेला नाही.

ताबा घ्यायला संरक्षण अधिकारी मॅडम आणि दोन महिला पोलीस बरोबर आल्या. अख्खी गल्ली दारात. मागच्या खोलीत सोयाबीनची पोती लावलेली होती. ती हलवायला कुणी पुढं येईना. शेवटी मॅडम, मी आणि मदतनीस ताई अशा तिघींनी ओढून काढली. आत्या उंबऱ्यात बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, सरळ होत नाही. तेरा वर्षांत मी ती कशानं मोडली ते कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नाही. रात्री मागच्या दाराशी कुणीतरी घासलेटचा जुना डबा आणि दोन वाट्या साखर ठेवून गेलं होतं.

पैसे मात्र नियमित येत नाहीत. त्याच वर्षीच्या, 2023 च्या डिसेंबरात आम्हा सेविकांचा संप सुरू झाला, जानेवारीत लांबला, मानधनही बंद. तेव्हा दुकानदाराची उधारी आणि आईनं पाठवलेली ज्वारी यावर दिवस काढले. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो केला आहे.

मागच्या वर्षी उलटतपास झाला. त्यांचे वकील केसपेपर हातात घेऊन म्हणाले, "यात लिहिलंय की तुम्ही घसरून पडलात. हे खरं आहे ना?" मी म्हटलं, "तसं लिहिलंय हे खरं आहे. मी तसं सांगितलेलं नाही. मला कुणी विचारलंच नाही." मग अंगणवाडी दुपारी सुटते तर संध्याकाळी फोनवर कुणाशी बोलत होता, पर्यवेक्षकांच्या गाडीत कितीदा बसलात, असे प्रश्न आले. आमच्या पर्यवेक्षिका बाई आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. मला हसू आलं नाही. पायाचे अंगठे जमिनीत रोवून उभी राहिले. न्यायाधीशांनी नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी ते मोठ्यानं घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा.

न्यायाधीशांनी ऑगस्ट 2019 च्या पानाची प्रत बराच वेळ बघितली. मग जुलैचं पान मागितलं आणि दोन्ही शेजारी ठेवली.

अंतिम निकाल अजून व्हायचा आहे. येत्या गुरुवारी पुन्हा तारीख आहे. रजेचा अर्ज मी काल पर्यवेक्षिकाताईंकडं दिला. कारणाच्या जागी आधी मी "घरगुती काम" असं लिहायचे. या वेळी लिहिलं, "कौटुंबिक हिंसाचाराच्या खटल्याची सुनावणी." त्यांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि खाली सही केली. मदतनीस ताईंना गुरुवारच्या आहाराचं धान्य मोजून दिलं आहे. आठव्या महिन्यातल्या दोघी गरोदर बायकांच्या भेटी मी शुक्रवारी करीन. त्यातली एक गेले पंधरा दिवस मान खाली घालून येते आहे.